नागपुरकर भोसल्यांच्या राज्याचा अस्त व कळमेश्वरच्या टापूंतील कागदपत्रें

नागपुराच्या पश्चिमेस सुमारें सात कोसांवर कळमेश्वर हा कसबा आहे. नागपुराहून काटोलाकडे जाणारा रस्ता याच बाजूनें जातो. उत्तरेस सावनेराची वाट फुटते. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचें एक स्थानकही येथें आहे. आज हें तालुक्याचें ठिकाण असून धापेवाडा व आदासा हीं प्रसिद्ध देवस्थानें याच तालुक्यांत मोडतात. राजधानीच्या इतक्या निकट असलेल्या गांवीं राज्यांतील प्रत्येक उलथापालथीचा धक्का लगोलग पोंचावा, हें स्वाभाविक आहे. तथापि या टापूंतील एखादा मोडी कागद हातीं आला आणि त्यावर नुसता 'सरकार' एवढाच शब्द असला, तर तें सरकार कोणाचें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. सन १८१७ पासून १८६१ पर्यंतच्या चव्वेचाळीस वर्षांत त्या एका शब्दाचा अर्थ निदान पांच वेळां पालटला. तो कसा पालटला, व प्रत्येक वेळीं भोसले घराण्याची एकेक पायरी कशी ढासळली, हें संग्राहकांच्या उपयोगाच्या दृष्टीनें सांगावें, असा या लेखाचा उद्देश आहे.

सामान्य समज असा आढळतो कीं, नागपुरकरांचें राज्य सत्तावनच्या धामधुमींत गेलें. कालक्रम पाहतां हा समज टिकत नाहीं. राज्य खालसा झालें तें १८५४ च्या मार्चांत. मीरतेस शिपाई उठले ते १८५७ च्या मे महिन्यांत. म्हणजे उठावाच्या वेळीं नागपुरास राजा नव्हता, खजिना नव्हता, फौजही नव्हती. होत्या त्या वाड्यांतील विधवा राण्या व एक तरुण दत्तक. दुसरा समज याच्या उलट टोंकाचा आहे. तो असा कीं, राज्य १८१८ मध्येंच बुडालें, पुढील पस्तीस वर्षें केवळ नांवाचीं. हाही पुरता खरा नाहीं. आणि गंमत अशी कीं, हाच दुसरा समज राज्य खालसा करणारांनीं आपल्या समर्थनार्थ पुढें केला होता. सबब या दोन्ही समजांचा झाडा घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

पहिला आघात : १८१६ ते १८१८

दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजीं वारले. त्यांच्याच हयातींत राज्याचा एक मोठा लचका तुटला होता. डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख हातचा गेला होता. त्यांचे पुत्र परसोजी हे शरीरानें व बुद्धीनें दुर्बळ. म्हणून कारभार चुलतबंधु मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्याकडे आला. तैनाती फौजेचा जो तह दुसऱ्या रघूजींनीं हयातभर टाळला होता, तो आप्पासाहेबांनीं मे १८१६ मध्यें पतकरला. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजींचा घात झाला व आप्पासाहेब गादीवर बसले.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पेशव्यांनीं इंग्रजांवर शस्त्र उपसलें, व आप्पासाहेबही त्यांच्या पाठोपाठ उठले. २६ व २७ नोव्हेंबर रोजीं सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई होऊन भोसल्यांच्या फौजेस माघार घ्यावी लागली; १६ डिसेंबर रोजीं नागपुराजवळ पुन्हां गांठ पडून तिचा मोड झाला. जानेवारी १८१८ मध्यें तात्पुरता करार होऊन आप्पासाहेबांस गादीवर राहूं दिलें गेलें; पण मार्चांत त्यांस कैद करण्यांत आलें. कैदी म्हणून उत्तरेस नेत असतां मे महिन्यांत ते वाटेंतून निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयानें राहिले, पुढें अशीरगड व पंजाब असे फिरत शेवटीं जोधपुरास १८४० मध्यें वारले.

आतां लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, आप्पासाहेब पळाले तरी इंग्रजांनीं गादी मोडली नाहीं. २६ जून १८१८ रोजीं दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यांतील बाजीबा, यास भोसले कुळांत घेऊन तिसरे रघूजी या नांवानें गादीवर बसविलें. राजा अल्पवयी असल्यानें वाड्यांतील वडीलकी दुसऱ्या रघूजींच्या विधवा पत्नी बांकाबाई यांच्याकडे व प्रत्यक्ष राज्यकारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्याकडे राहिला. म्हणजे शेवटला राजा हा स्वतःच दत्तक होता, तोही कन्येच्या वंशांतला, आणि त्या दत्तविधानास इंग्रजांची पूर्ण संमति होती. पस्तीस वर्षांनंतरच्या वादाचें अर्धें उत्तर या एका गोष्टींत आहे.

जेन्किन्सच्या कारकीर्दीचा संशोधकांस एक लाभ झाला. त्याच्या सांगण्यावरून काशीराव राजेश्वर गुप्ते यांनीं नागपुरकर भोसल्यांची बखर लिहिली, आणि स्वतः जेन्किन्सनें नागपूर राज्यासंबंधीं लिहिलेला विस्तृत अहवाल १८२७ मध्यें छापला गेला. गांवगाडा, परगण्यांचे कमाविसदार, पाटील व पांड्ये यांची त्या काळची स्थिति समजण्यास हा अहवाल आजही पहिल्या प्रतीचें साधन आहे. ज्यानें राज्याच्या नाड्या आखडल्या, त्याच्याच दफ्तरांतून त्या राज्याचा इतिहास आपणांस वाचावा लागतो, हा दैवदुर्विलास खरा. परंतु साधन तें साधन.

तहांची भाषा : १८२६ व १८२९

डिसेंबर १८२६ मध्यें तिसऱ्या रघूजींशीं कायमचा तह झाला. साताऱ्याच्या छत्रपतींशीं व इतर मराठे सरदारांशीं असलेला संबंध सोडून देण्याचें कलम त्यांत होतें. भोसल्यांचें सेनासाहेबसुभा हें पद मुळांत साताऱ्याच्या गादीकडून आलेलें. तेव्हां या कलमानें घराण्याचें जुनें नातें कागदोपत्रीं तुटलें. पुढें १८२९ च्या अखेरच्या करारानें इंग्रजांनीं आपल्या व्यवस्थेखालीं ठेवलेले जिल्हे राजास परत मिळाले व त्यांच्याबद्दल सालिना आठ लक्ष रुपये देण्याचें ठरलें. यानंतर १८३० पासून १८५३ पर्यंत तेवीस वर्षें राज्याचा अंतर्गत कारभार राजाच्या नांवानें व राजाच्या अधिकाऱ्यांकरवीं चालला.

ज्यांच्या घरीं या तेवीस वर्षांतील सनदा, कौल, वसुलाचे ताळे किंवा देवस्थानांचे वर्षासन-कागद असतील, त्यांनीं ते 'इंग्रजी अमदानींतले' म्हणून बाजूस टाकूं नयेत. ते एका अधीन पण जिवंत मराठी राज्याचे कागद आहेत. १८१८ ते १८३० चे कागद निराळे; त्यांत राजाचें नांव व रेसिडेंटाचा हात अशी जोडी असते. १८३० नंतरच्या कागदांत ती जोडी सुटते. हा फरक ध्यानांत न घेतल्यानें दोन्ही काळांची दफ्तरें एकाच रुमालांत बांधलीं जातात व मग त्यांवरून काढलेलीं अनुमानें चुकतात.

मृत्यु, अंत्यविधि व दत्तकाचा प्रश्न : १८५३

११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी वारले. त्यांस औरस पुत्र नव्हता, आणि हयातींत त्यांनीं कोणास विधिपूर्वक दत्तक घेतलें नव्हतें. त्यांचे अंत्यविधि आप्तांपैकीं अहिरराव घराण्यांतील यशवंतराव या तरुणाच्या हातून करविण्यांत आले. ज्यानें पिंड द्यावा त्यानेंच गादीवर बसावें, ही हिंदु घराण्यांतील रूढ समजूत. तेव्हां वाड्यांतील वडीलधाऱ्यांचा हेतु कोणता होता हें सांगावयास नको. पुढें थोरल्या राणी अन्नपूर्णाबाई यांच्या मांडीवर हाच मुलगा दत्तक देण्यांत आला व त्याचें नांव जानोजी असें ठेवलें.

येथें धर्मशास्त्राचा मुद्दा थोडा उलगडून सांगणें अवश्य आहे, कारण पुष्कळ वाचकांस तो केवळ राजकारणाचा वाद वाटतो. विधवेनें दत्तक घ्यावा कीं नाहीं, व घेतल्यास कोणाच्या अनुज्ञेनें, याविषयीं निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळे ग्रंथ प्रमाण मानले जात. बंगाल्यांत पतीची स्पष्ट आज्ञा असल्यावांचून विधवेस दत्तक घेतां येत नसे. महाराष्ट्रांत नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख प्रमाण. त्या परंपरेप्रमाणें पतीनें निषेध केलेला नसल्यास विधवेस पतीच्या पश्चात् दत्तक घेण्याचा अधिकार आहे. म्हणजे राजानें हयातींत दत्तक घेतला नाहीं एवढ्यावरून, निदान मराठ्यांच्या आचाराप्रमाणें, वारस उरला नाहीं असें होत नाहीं. वारस ठरविण्याचें काम विधवेकडे येतें, इतकेंच.

ही गोष्ट इंग्रज मुत्सद्द्यांस ठाऊक नव्हती असें नाहीं. सर चार्ल्स मेटकाफ यानें १८३७ मध्यें बुंदेलखंडांतील संस्थानिकांच्या संबंधांत लिहितांना, सार्वभौम हिंदु राजांस दत्तकाचा अधिकार आहे व सनदेनें जहागीर मिळालेल्यांची गोष्ट निराळी आहे, असा भेद करून ठेवलाच होता. तेव्हां खरा प्रश्न हा झाला कीं, नागपूरकर राजे या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत मोडतात.

गव्हर्नर जनरलचें टिपण : जानेवारी १८५४

या प्रश्नाचें उत्तर लॉर्ड डलहौसी यानें २८ जानेवारी १८५४ च्या आपल्या दीर्घ टिपणांत दिलें. त्याच्या युक्तिवादाचा सारांश असा : १८१७ च्या युद्धानें नागपूरचें राज्य इंग्रजांनीं जिंकलें, तिसऱ्या रघूजींस तें मिळालें तें देणगी म्हणून, देणगी घेणारा निपुत्रिक वारला, सबब देणगी देणाराकडे ती परत आली. यास जोडून त्यानें लोकहिताची व साम्राज्याच्या सोयीची कारणेंही दिलीं, आणि विलायतेच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा मुद्दाही त्यांत गाळला नाहीं. वऱ्हाड प्रांत निजामाकडून १८५३ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आला होता. त्यास लागून असलेली नागपूरची काळी जमीन हातीं आल्यावर कापसाचा एक सलग पट्टा तयार होत होता. कळमेश्वर, काटोल, सावनेर हा टापू त्याच काळ्या जमिनीचा. राजवाड्यांतील दत्तविधान आणि या शिवारांतलें बोंड यांचा संबंध असा जुळतो.

युक्तिवादांतील कच्चा दुवा कोठें आहे, तें पहावें. राज्य १८१८ मध्येंच जिंकलें गेलें व रघूजींस तें इनाम मिळालें, असें मानलें तरी पुढें १८२६ मध्यें त्यांच्याशीं तह झाला. तह हा बरोबरीच्या नसल्या तरी दोन राज्यांत होतो. इनामदाराशीं कोणी तह करीत नाहीं. कौन्सिलांतील सभासद कर्नल जॉन लो यानें याच अनुरोधानें आपलें विरोधी मत नोंदविलें. राजाला दत्तक घेण्याचा हक्क होता, राज्य खालसा केल्यानें उरलेल्या संस्थानिकांच्या मनांत भीति उत्पन्न होईल, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. नागपुरास असलेला रेसिडेंट मॅन्सेल यानेंही घराण्याचें नांव व मान कोणत्या तरी रूपानें राखावा असें सुचविलें होतें. दोघांचेंही चाललें नाहीं. १३ मार्च १८५४ रोजीं राज्य खालसा झाल्याचें जाहीर झालें. पाऊण लक्ष चौरस मैलांहून अधिक मुलूख एका तोफेचा आवाज न होतां गेला.

एकाच हंगामांत असे आघात अनेक झाले, हें येथें नमूद केलें पाहिजे. सातारा १८४८ मध्यें गेलें होतें. झांशीचे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजीं, म्हणजे रघूजींच्या केवळ वीस दिवस अगोदर वारले. गंगाधररावांनीं मृत्यूपूर्वीं दत्तक घेतला होता. रघूजींनीं घेतला नव्हता. तरी निकाल दोहोंचा एकच. यावरून दत्तकाची शास्त्रशुद्धता हा निर्णयाचा खरा आधार नव्हता, असें आम्हांस वाटतें.

वाड्यांतील जप्ती व लिलांव

राज्य गेलें तरी घराणें उरतें. पण नागपुरास घराण्याच्या खाजगी मालमत्तेसही हात लागला. वाड्यांतील जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल, पागेचें व फरासखान्याचें सामान बाहेर काढून विकण्यांत आलें. जनावरांचा लिलांव सीताबर्डीस झाला व तीं मातीमोलानें गेलीं. जवाहीर कलकत्त्यास पाठवून तेथील इंग्रज जवाहिऱ्याच्या मार्फत विकलें गेलें. सामान हालविलें तर वाड्यास आग लावीन, असा निरोप वयोवृद्ध बांकाबाईंनीं धाडल्याचें इंग्रज इतिहासकार जॉन के यानेंच लिहून ठेवलें आहे. या रकमेंतून घराण्यासाठीं एक निधि उभारल्याचें सांगण्यांत आलें. परंतु आपलीच वस्तु विकून आपल्यासच पोटगी देण्याच्या या व्यवहाराचा वाड्यांतील मंडळींस व शहरास काय अर्थ वाटला असेल, तो उघड आहे.

फ्रान्सांतील राज्यक्रांतीशीं येथें एक तुलना सुचते. सोळाव्या लुईचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ रोजीं झाला, व त्याच वर्षींच्या ऑगस्टापासून व्हर्सायच्या राजवाड्यांतील सामानाचा लिलांव वर्षभर चालला. सतरा हजारांहून अधिक नग विकले गेले. परंतु त्याच क्रांतिकारकांनीं १७९४ च्या जूनमध्यें कायदा करून राष्ट्रीय दफ्तरखान्याची घडी बसविली व जुन्या राजवटीचे कागद प्रजेस पाहण्यास खुले केले. तेथें राजा मारला गेला, सामान विकलें गेलें, पण कागद राहिले. नागपुरास राजघराणें जिवंत राहिलें, परंतु त्याच्या वैभवाचा पुरावा मात्र विखुरला.

राण्यांनीं स्वस्थ न बसतां कलकत्त्यास व विलायतेस आपले वकील पाठवून दाद मागितली. निकाल फिरला नाहीं. अन्नपूर्णाबाई १८५५ मध्यें वारल्या. सत्तावन उजाडलें तेव्हां घराण्याचा सारा भार ऐंशीच्या घरांतील बांकाबाईंवर होता.

सत्तावनचें वर्ष व बांकाबाई

१८५७ च्या जूनमध्यें नागपुराजवळ टाकळीच्या छावणींतील घोडदळानें उठावाचा बेत केला. १३ जूनच्या रात्रीं शहरांतून अग्निफुगे आकाशांत चढावेत व त्या खुणेवर स्वारांनीं निघावें, असा संकेत ठरल्याचें इंग्रजी वृत्तांतांत आहे. बेत आधींच फुटला. कामठीची मद्रासी फौज इंग्रजांच्या बाजूनें राहिली, घोडदळाचीं हत्यारें काढून घेण्यांत आलीं, आणि पुढाऱ्यांस सीताबर्डीच्या किल्ल्यावर फांशी देण्यांत आलें. त्या वेळीं नागपुरास प्लाउडन हा कमिशनर होता. बांकाबाईंनीं आपल्या आप्तांस व आश्रितांस एकत्र करून, कोणी बंडांत सामील झाल्यास आपण स्वतः त्यास सरकारच्या हवालीं करूं, अशी ताकीद दिली, असेंही तेच वृत्तांत सांगतात.

या वर्तनावरून बांकाबाईंस दोष देणारे व त्यांच्या शहाणपणाची तारीफ करणारे असे दोन पक्ष पडतात. झांशीच्या राणीशीं त्यांची तुलना सहज केली जाते. आमचें मत असें कीं, ही तुलना करतांना परिस्थितीचें माप घेतलें जात नाहीं. झांशीस शिपायांच्या उठावानंतर इंग्रजी अंमल कांहीं काळ नाहींसा झाला होता, किल्ला हातीं होता, व राणी तरुण होती. नागपुरास राजाची फौज उरली नव्हती. सीताबर्डीचा किल्ला इंग्रजांकडे. कामठीची छावणी पांच कोसांच्या आंत. आणि दत्तकाचा अर्ज अद्याप कोठें तरी ऐकला जाईल ही आशा. शिवाय बांकाबाईंनीं १८१७ चा उठाव डोळ्यांनीं पाहिला होता. सीताबर्डीवर चढलेली मोठी फौज दुसऱ्या दिवशीं कशी परतली, आणि त्यानंतर आप्पासाहेबांची काय दशा झाली, हें ज्यांच्या स्मरणांत ताजें होतें, त्यांस तोच डाव पुन्हां खेळण्याचें धैर्य न झालें तर नवल नाहीं. त्यांनीं राज्य परत मिळविण्याचा मार्ग सोडला व वंश राखण्याचा मार्ग धरला. तो योग्य कीं अयोग्य, हा निराळा प्रश्न. पण तो अविचाराचा खास नव्हता.

बांकाबाई १८५८ मध्यें वारल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा उतरून दक्षिणेस आले व मुलताईपर्यंत पोंचले. मुलताई हें नागपुराच्या उत्तरेस असून तेथून सावनेरावरून नागपुरास वाट येते. म्हणजे कळमेश्वरचा टापू त्यांच्या वाटेपासून फार दूर नव्हता. परंतु नागपुराकडील वाट इंग्रजी फौजांनीं रोखल्यामुळें ते पश्चिमेस वळले. भोसल्यांची गादी असती, तर मुलताईहून निघालेल्या मराठी फौजेस नागपुरास काय आढळलें असतें, हा तर्क करण्याचा मोह कोणासही होईल. इतिहासाचें काम तर्काचें नसून नोंदीचें असल्यामुळें आम्ही तो येथेंच सोडतों.

घराण्याचा पुढील काळ

उठावानंतर इंग्रजी धोरण बदललें. संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा देण्यांत आल्या. कर्नल लोचें जें मत १८५४ मध्यें झिडकारलें गेलें, तेंच आठ वर्षांच्या आंत सरकारी धोरण झालें. त्याचा लाभ नागपुरास अर्धवट मिळाला. जानोजी यांस दत्तक म्हणून मान्यता देऊन 'देऊरचे राजेबहादूर' हा किताब व सातारा जिल्ह्यांतील देऊर येथील इनाम देण्यांत आलें. राज्य मात्र परत आलें नाहीं. १८६१ मध्यें तें सागर-नर्मदा प्रांतास जोडून 'मध्यप्रांत' हा नवा इलाखा बनला. जानोजी १८८१ मध्यें वारले. त्यांचा वंश पुढें चालला.

१८६४ हें वर्ष अभ्यासकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. त्या वर्षीं भोसल्यांचा जुना राजवाडा आगींत भस्म झाला. नगारखाना तेवढा वांचला. त्याच वर्षीं जॉन के याच्या सत्तावनच्या इतिहासाचा पहिला खंड व नागपुरास अधिकारी राहिलेल्या इव्हान्स बेल याचा साम्राज्यनीतीवरील ग्रंथ, असे दोन ग्रंथ विलायतेंत प्रसिद्ध झाले. त्यांत नागपूर प्रकरणावर कडक टीका आहे. अशा रीतीनें घराण्याची कैफियत परक्या भाषेंत छापली जात असतां त्याचें स्वतःचें घर जळालें. राजधानींतील अशा नाशामुळेंच कसब्यांतून व खेड्यांतून राहिलेल्या कागदांचें मोल कित्येक पटींनीं वाढलें आहे.

संग्राहकांनीं काय पहावें

वरील हकीकतीवरून कळमेश्वरच्या टापूंत सांपडणाऱ्या कागदांचे सहा काळ पडतात : १८१७ पर्यंतचा स्वतंत्र भोसलेशाहीचा, १८१८ ते १८३० रेसिडेंटाच्या व्यवस्थेचा, १८३० ते १८५३ तिसऱ्या रघूजींच्या कारभाराचा, डिसेंबर १८५३ ते मार्च १८५४ हा तीन महिन्यांचा अंतरिम, १८५४ ते १८६१ कमिशनरीचा, व पुढें मध्यप्रांताचा. यांपैकीं चौथा काळ सर्वांत लहान व म्हणून सर्वांत मोलाचा. त्या तीन महिन्यांत परगण्याच्या अधिकाऱ्यांनीं कोणाच्या नांवें हुकूम काढले, वसूल कोठें भरला, देवस्थानचें नेमणुकीचें धान्य कोणाच्या आज्ञेनें दिलें, या बारीक नोंदींवरून गादी रिकामी मानली जात होती कीं नाहीं हें ठरूं शकेल. कलकत्त्याच्या टिपणांत याचें उत्तर मिळणार नाहीं. तें मिळालें तर पांड्याच्या वहींत मिळेल.

कालनिर्णयासाठीं सन तपासतांना सावधगिरी पाहिजे. सुहूर सनांत ५९९ अथवा ६०० मिळविले असतां इसवी सन येतो. दक्षिणेकडील फसलींत ५९० अथवा ५९१. परंतु उत्तरेकडील फसलींत ५९२ अथवा ५९३ मिळवावे लागतात. म्हणजे १८५३ चा डिसेंबर हा शके १७७५, सुहूर १२५४, दक्षिणी फसली १२६३ व उत्तरेची फसली १२६१ यांत पडतो. नागपूर प्रांत हा दोन्ही वळणांच्या सीमेवरचा असल्यामुळें नुसता 'फसली' शब्द पाहून सन ठरवूं नये. तिथि, वार व शक असल्यास ताडून पहावा. दोन वर्षांची चूक इतर ठिकाणीं क्षम्य ठरेल. येथें ती राजाच्या हयातींतला कागद खालसानंतरचा ठरवील. तसेंच रकमा 'नागपुरी' रुपयांत आहेत कीं कंपनीच्या, कागदावर सरकारी मुद्रा आहे कीं नाहीं, व लिहिणारानें आपणांस कमाविसदार म्हटलें आहे कीं नव्या अंमलांतील कांहीं पद लाविलें आहे, हेंही पहावें. मोडी अक्षर मात्र कालनिर्णयास पुरेसें नाहीं, कारण राज्य गेल्यावरही तोच लेखक त्याच वळणानें लिहीत राहिला.

शोध कोठें घ्यावा, तेंही सांगतों. पाटील, पांड्ये, देशमुख, देशपांडे यांचीं घराणीं तर आहेतच. परंतु देवस्थानांचे पुजारी व पंच, कोष्टी, तेली व सोनार यांच्या घरचीं खतें, सावकारांच्या वह्या यांकडे दुर्लक्ष होऊं नये. इंग्रजी अंमलांत गांवोगांवच्या पाटलांस मालगुजारीचे हक्क मिळाले, व त्या हक्कांच्या चौकशींत जुने कागद पुराव्यादाखल बाहेर निघाले. पुढें १९५१ मध्यें मालगुजारी संपली, आणि जे कागद हक्कासाठीं जपले जात होते ते निरुपयोगी ठरून माळ्यावर पडले. त्यानंतरच्या पिढ्यांत मोडी वाचणारे उरले नाहींत. म्हणून आज जे रद्दींत जातात ते बहुधा हेच कागद होत.

ज्यांस असा एखादा रुमाल मिळेल, त्यांनीं तो सोडतांना कागदांचा क्रम मोडूं नये, वरचें फडकें व त्यावरील चिठ्ठी टाकूं नये, आणि तो कोणत्या गांवच्या कोणत्या घरीं मिळाला याची नोंद त्याच दिवशीं करावी. सुंदर शिक्क्याची सनद तेवढी ठेवून वसुलाच्या फाटक्या याद्या टाकून देणें हा संग्रह नव्हे. सनदेनें राजानें काय दिलें तें कळतें. यादीनें राजा गेल्यावर काय बदललें तें कळतें. मेणवलीच्या दफ्तरांतून शेजवलकरांनीं निवडलेला नागपूरविषयक पत्रव्यवहार व सिन्हांनीं संपादिलेलीं रेसिडेन्सीचीं दफ्तरें १९५० नंतर छापून प्रसिद्ध झालीं. यामुळें पुण्याच्या व इंग्रजांच्या बाजूचा पुरावा पुष्कळ पुढें आला. राजधानीपासून सात कोसांवरच्या कसब्यांत तोच कालखंड कसा दिसला, हा तिसरा पुरावा अद्याप घराघरांतील पेट्यांत आहे. तो बाहेर काढण्याचें काम कळमेश्वर, सावनेर व काटोल या टापूंतील संग्राहकांनींच अंगावर घेतलें पाहिजे, आणि तें या पिढींतच झालें पाहिजे.